सर्व्हरवर नवीन फोटो पडला की आपोआप ऑप्टिमाइझ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचं सगळं एका साध्या लिनक्स सर्व्हरला धरून आहे, म्हणजे उबुंटू किंवा डेबियन, वर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, आणि एक अपलोड फोल्डर ज्यात चार जण मोबाइलवरून, एफटीपीवरून, जमेल तसे फोटो टाकत असतात. पूर्ण कमांड इथे दिलेल्या नाहीत, त्या मॅन्युअलमध्ये असतातच. नेमकं कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे आहे.

अपलोड करणाऱ्यालाच छोटा फोटो टाकायला सांगितलं तर? एवढा उपद्व्याप कशाला?

सांगून बघा. चार दिवस ऐकतात, मग कुणीतरी घाईत असतो, कार्यक्रम संपलेला असतो, बातमी लगेच टाकायची असते, आणि मोबाइलमधला फोटो जसाच्या तसा वर चढतो. माणसांच्या लक्षात राहण्यावर सिस्टीम उभी करू नये, सर्व्हर झोपत नाही, त्यालाच करू द्या.

ऑप्टिमाइझ म्हणजे नक्की काय करायचं?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्ही एकाच नावाने बोलतात म्हणून गोंधळ होतो. पहिली लॉसलेस, म्हणजे चित्राचा एकही पिक्सेल न बदलता फाइल नीट आवळून भरायची, जेपेगऑप्टिम हे टूल काही न सांगता चालवलं तर हेच करतं. दुसरी लॉसी, म्हणजे डोळ्याला सहसा दिसणार नाही एवढा तपशील सोडून द्यायचा, क्वालिटी ८० ते ८५ वगैरे. आणि तिसरी रिसाइझ, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं पण खरा फायदा तिथेच आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. पानावर तो ८०० पिक्सेल रुंदीत दिसणार असेल तर १६०० बाय १२०० पुरे, अगदी चांगल्या स्क्रीनसाठी सुद्धा, आणि ते होतात १९ लाख २० हजार, म्हणजे सहाव्या भागापेक्षा कमी. तेव्हा आधी रिसाइझ, मग क्वालिटी, लॉसलेसची झिगझिग शेवटी.

नवीन फाइल आली हे सर्व्हरला कळतं कसं?

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आयनोटिफाय नावाची सोय आहे, २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत आली. एखाद्या फोल्डरवर लक्ष ठेव म्हणून सांगितलं की तिथे फाइल तयार झाली, लिहून बंद झाली, सरकवली, पुसली, अशी प्रत्येक घटना कर्नल आपणहून कळवतो, सारखं जाऊन बघावं लागत नाही. ती वापरायला आयनोटिफाय-टूल्स हे पॅकेज घालायचं, त्यात आयनोटिफायवेट ही कमांड येते, ती मॉनिटर मोडमध्ये चालू ठेवायची आणि तिने दिलेलं एकेक नाव आपल्या शेल स्क्रिप्टच्या लूपमध्ये घ्यायचं. एवढंच. सुरुवातीचं काम दहा ओळींचं आहे, पुढचे प्रश्न त्या दहा ओळींमुळे येतात.

स्क्रिप्ट चालते पण काही फोटो खालून अर्धे करडे दिसतात, हे काय?

तुम्ही क्रिएट ही घटना पकडताय. क्रिएट म्हणजे फाइल जन्माला आली, त्या क्षणी तिच्यात शून्य बाइट असतात, फोटो अजून मोबाइलवरून येतोच आहे, आणि तुमची स्क्रिप्ट तेवढ्यात तिच्यावर तुटून पडते. काही टूल फाइल अपुरी आहे म्हणून थांबतात, काही आहे तेवढ्यावर पुढे जातात आणि उरलेला भाग करडा भरून टाकतात. क्रिएट आणि मॉडिफाय सोडून द्या, क्लोज-राइट पकडा, म्हणजे जो लिहीत होता त्याने फाइल बंद केली.

पण एकट्या क्लोज-राइटने भागत नाही. आरसिंक (फाइल एका मशिनवरून दुसऱ्यावर कॉपी करणारं टूल) आधी टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने फाइल लिहितो आणि पूर्ण झाली की तिचं नाव बदलतो. म्हणजे क्लोज-राइट येतो त्या तात्पुरत्या नावासाठी, आणि तुमची स्क्रिप्ट तिथे पोचेपर्यंत त्या नावाची फाइलच नसते. खऱ्या नावाला घटना मिळते ती मूव्ह्ड-टू. त्यामुळे क्लोज-राइट आणि मूव्ह्ड-टू दोन्ही ऐका आणि टिंबाने सुरू होणारी नावं गाळा.

आणि एफटीपीने टाकताना मध्येच नेट गेलं तर? सर्व्हर तेव्हाही फाइल बंद करतो, क्लोज-राइट तेव्हाही येतो, फाइल मात्र अर्धीच. म्हणून काम सुरू करायच्या आधी फाइल शाबूत आहे का ते जेपेगइन्फोसारख्या टूलने तपासा, नसेल तर हात न लावता सोडा, तो माणूस परत अपलोड करेल तेव्हा घटना परत येईलच.

स्क्रिप्ट त्याच फाइलवर परत परत चालते, सीपीयू शंभर टक्के, थांबतच नाही!

थांबणार कशी, तुम्ही फाइल छोटी करून त्याच जागी ठेवलीत, ती लिहिणं हीसुद्धा क्लोज-राइटच आहे ना, मग स्क्रिप्टला वाटतं नवीन फाइल आली. दुसऱ्या नावाने करून वर सरकवलीत तर मूव्ह्ड-टू. नुसता सीपीयू गेला असता तर चाललं असतं, पण लॉसी असेल तर प्रत्येक फेरीत फोटोची थोडी थोडी वाट लागत जाते. जेपेगऑप्टिम जरा शहाणं आहे, त्याला कमाल क्वालिटी ८५ सांगितली आणि फाइल आधीच त्याखाली असली तर ते फक्त लॉसलेस करतं, पण इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या टूलची मॉग्रिफाय कमांड असला विचार करत नाही, ती दर वेळी नव्याने दाबते आणि मूळ फाइलवरच लिहिते.

लोक यावर बऱ्याच युक्त्या काढतात, फाइलवर एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटची खूण लावायची, झालेल्यांची यादी ठेवायची, वगैरे. खूण आरसिंकच्या साध्या कॉपीत गळून पडते आणि यादी कधीतरी चुकतेच. माझं मत सरळ आहे: दोन फोल्डर करा. एकात मूळ फाइल येते, ती वेबसाइटवर थेट दिसत नाही आणि तिला कोणी कधीच बदलत नाही. दुसऱ्यात त्याच नावाची छोटी फाइल तयार होते आणि एन्जिनएक्स फक्त तीच दाखवतो. लक्ष फक्त पहिल्यावर. लूप व्हायचा प्रश्नच उरत नाही, आणि उद्या क्वालिटी ८५ ची ७५ करायची ठरली किंवा नवा फॉरमॅट आला तर मूळ हातात असतं. डिस्क जास्त लागते हो, लागते. फोटो परत काढता येत नाही.

हे सगळं करण्यापेक्षा दर पाच मिनिटांनी क्रॉन लावला तर चालेल का?

चालेल, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना तेच पुरेल. फोटो दोन सेकंदांत छोटा व्हायलाच हवा अशी गरज किती जणांना असते? क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय, तिच्यातून फाइंड ही फाइल शोधणारी कमांड चालवा, ज्या मूळ फाइलची छोटी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये नाही ती शोधा, आणि गेल्या दोन मिनिटांत जिच्यात बदल झालाय ती या फेरीत सोडा. या एका अटीने अर्ध्या अपलोडचा बराचसा त्रास आपोआप जातो.

फक्त दोन गोष्टी बघा. एक, फेरी पाच मिनिटांत संपली नाही तर दुसरी तिच्यावर येऊन आदळते, म्हणून एफलॉक लावा, म्हणजे एक फेरी चालू असताना दुसरी सुरू होत नाही. दोन, 'शेवटच्या फेरीनंतर बदललेल्या फाइल' असं एमटाइमवरून, म्हणजे आतला मजकूर बदलल्याच्या वेळेवरून, शोधू नका, कारण आरसिंकला वेळ जपायला सांगितलं असेल तर आज आलेली फाइल मागच्या वर्षीची तारीख घेऊन येते आणि तुमच्या चाळणीतून निसटते. वेळेवरूनच शोधायचं असेल तर सीटाइम (फाइलची नोंद शेवटची बदलल्याची वेळ) बघा, ती बाहेरून ठरवता येत नाही.

आदर्श म्हणाल तर दोन्ही: ताज्या फाइलसाठी आयनोटिफाय, रात्री सुटलेल्यांसाठी क्रॉनची एक फेरी.

सिस्टीमडीचं पाथ युनिट किंवा इनक्रॉन?

सिस्टीमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारी यंत्रणा, तिचं पाथ युनिट आणि इनक्रॉन दोन्ही आयनोटिफायच्याच आधाराने लक्ष ठेवतात. एकाच सपाट फोल्डरसाठी ठीक. पाथ युनिट सबफोल्डरमध्ये उतरत नाही, आणि ते फक्त 'काहीतरी बदललं' एवढंच सांगतं, कोणती फाइल ते तुम्हालाच शोधावं लागतं. सिस्टीमडीचा खरा उपयोग वेगळा आहे, तुमची आयनोटिफायवेटवाली स्क्रिप्ट सर्व्हिस म्हणून चालवायची, म्हणजे मेली तर आपोआप उठते आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी चालू होते. टर्मिनलमध्ये चालू करून लॉगआउट करणारे बरेच असतात.

दर महिन्याच्या १ तारखेला पहिला फोटो सुटतो, बाकी सगळे नीट होतात, भुताटकी आहे का?

नाही, आयनोटिफाय मुळात सबफोल्डरमध्ये उतरत नाही. रिकर्सिव्ह म्हणून सांगितलं की आयनोटिफायवेट सुरुवातीला प्रत्येक सबफोल्डर फिरून एकेक वॉच, म्हणजे पहारा, लावतो. वर्ष आणि महिना असे फोल्डर करणाऱ्या सिस्टीममध्ये १ तारखेला पहिल्या फोटोबरोबरच नवीन फोल्डर तयार होतं, त्याच्यावर वॉच लागेपर्यंत फोटो लिहून झालेलाही असतो. पुढच्या महिन्याचं फोल्डर आधीच करून ठेवा किंवा रात्रीच्या फेरीवर सोडा.

फोल्डर खूप असतील तर वॉचची मर्यादाही लागते, जुन्या कर्नलमध्ये ती एका युजरला ८१९२ होती, ५.११ पासून मेमरीप्रमाणे आपोआप जास्त मिळते. आणि अपलोड फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) असेल तर आयनोटिफाय विसरा, दुसऱ्या मशिनने टाकलेली फाइल तुमच्या कर्नलला कळतच नाही. तिथे क्रॉनच.

कोणती टूल वापरायची?

जेपेगला जेपेगऑप्टिम किंवा मोझजेपेग, दोन्ही चांगली, मोझजेपेग हळू पण फाइल आणखी थोडी लहान. पीएनजीला ऑक्सिपीएनजी लॉसलेससाठी आणि पीएनजीक्वांट रंग २५६ पर्यंत आणण्यासाठी. जिफला जिफसिकल, एसव्हीजीला एसव्हीजीओ. रिसाइझ इमेजमॅजिकने होतो, फोटो जास्त असतील तर लिबविप्स बघा, कमी मेमरीत आणि भरभर करतं. गेट्झली कुणी सुचवलं तर नको म्हणा, एका मेगापिक्सेलला मिनिटभर खाणारं टूल अपलोडच्या रांगेत बसवायचं नसतं.

फोटो छान होतात पण शुभेच्छांचे बॅनर घाण दिसतात, अक्षरांभोवती मळ आल्यासारखा. क्वालिटी ९० केली तरी तेच.

हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे, कारण भगव्या-पिवळ्यावर लाल अक्षरं हे आपलं आवडतं डिझाइन. जेपेग चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतं आणि रंगाच्या बाबतीत कंजूषपणा करतं, ४:२:० असेल तर शेजारच्या चार पिक्सेलना मिळून एकच रंग. झाडं, चेहरे, गर्दी यात ते कळत नाही. पण भगव्यावर लाल असलं की दोन्हींच्या उजेडात फार फरक नसतो, अक्षर ओळखू येतं ते रंगामुळेच, आणि तोच अर्धवट साठवला की शिरोरेषा फाटल्यासारखी दिसते, अनुस्वार फुगतो, रफार कुठे संपतो कळत नाही. काळ्यावर पांढरं अक्षर त्याच सेटिंगमध्ये बरंच स्वच्छ राहतं, करून बघा.

उपाय म्हणजे क्वालिटीचा आकडा नुसता वाढवू नका, सॅम्पलिंग फॅक्टर ४:४:४ असा स्पष्ट सांगा. बॅनरमध्ये फोटो नसून सपाट रंगच असतील तर पीएनजी ठेवून पीएनजीक्वांट चालवा, फार छान बसतं, मात्र ग्रेडियंट असेल तर पट्टे उमटतात. वेबपी हा वेबसाठीचा चित्रांचा फॉरमॅट, त्याच्या लॉसी प्रकारात रंग कायम ४:२:० च असतो, दुसरा पर्यायच नाही, म्हणून बॅनर वेबपीत न्यायचे तर लॉसलेस वेबपी, किंवा निदान सीवेबपी या वेबपी बनवणाऱ्या टूलचा शार्प-वाययूव्ही पर्याय तरी लावा. कोणती फाइल बॅनर आणि कोणती फोटो हे स्क्रिप्टने ओळखायच्या भानगडीत पडू नका, 'बॅनर' नावाचं वेगळं अपलोड फोल्डर करा आणि लोकांना तेवढं सांगा. एवढं ऐकतात.

फोटो आडवे झाले, आणि काहींचे रंग उतरल्यासारखे दिसतात

दोन्हींचं कारण एकच, सरसकट सगळा मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत साठवलेली जादा माहिती, काढून टाकला. मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी बरेचदा पिक्सेल आडवेच साठवले जातात आणि त्या माहितीच्या एक्झिफ नावाच्या भागात 'हा फिरवून दाखवा' अशी नोंद असते. ती पुसली की फोटो आडवा. म्हणून आधी ऑटो-ओरिएंट करून पिक्सेल खरोखर फिरवायचे, मग एक्झिफ काढायचं, क्रम उलटा झाला की संपलं. रंगांचं असं की आयफोन वगैरे डिस्प्ले पी-थ्री या मोठ्या रंगपट्ट्यात फोटो काढतात आणि तसं सांगणारं आयसीसी प्रोफाइल फाइलमध्ये असतं, ते गेलं की ब्राउझर नेहमीचा एसआरजीबी रंगपट्टा समजून दाखवतो आणि रंग फिके पडतात. प्रोफाइल ठेवा किंवा आधी एसआरजीबीत बदला.

जीपीएस मात्र काढाच. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या किंवा घरच्या फोटोत अक्षांश-रेखांश जगाला कशाला द्यायचे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलवर स्क्रिप्ट एरर देते

नावात स्पेस आहेत. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेल्या फोटोच्या नावात तारीख, वेळ आणि मध्ये मोकळ्या जागा असतात, शेल त्याचे तुकडे करतो. व्हेरिएबल कायम डबल कोटात, फाइंडला प्रिंट-झिरो, म्हणजे नावं स्पेसवर तुटत नाहीत. शिवाय लिनक्सला कॅपिटल जेपीजी आणि स्मॉल जेपीजी वेगळे वाटतात, आणि एक्स्टेन्शन जेपीजी असून आत पीएनजी किंवा आयफोनचं हाइक निघणं रोजचं आहे, म्हणून नावावर न जाता फाइल कमांडने खरा प्रकार विचारा. बाय द वे, व्हॉट्सअ‍ॅपने फोटो आधीच चांगला दाबलेला असतो, त्यात तुम्हाला फार काही मिळणार नाही, लॉसी तर करूच नका.

आणि मराठीत नाव असलेल्या फाइल?

चालतात, पण दोन खाचा आहेत. लिनक्समध्ये फाइलचं नाव २५५ बाइटपेक्षा मोठं चालत नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजून. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. बातमीचं अख्खं शीर्षक कॉपी करून नाव दिलं की ती जेमतेम बसते, आणि तुमची स्क्रिप्ट शेवटी डॉट वेबपी जोडायला गेली की 'नाव फार लांब'.

दुसरी खाच जास्त छळते. 'शेतकऱ्यांचा' मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असा जोडून. दिसायला एकच, बाइट वेगळे, आणि लिनक्स बाइट बघतो. मॅकची जुनी फाइल सिस्टीम नावं तोडूनच ठेवायची. मग पानावर लिंक एका प्रकारची, डिस्कवर फाइल दुसऱ्या प्रकारची, आणि फोल्डरमध्ये फाइल डोळ्यांना दिसत असूनही ४०४. नावं आत घेतानाच एनएफसी, म्हणजे एकच जोडलेलं चिन्ह असलेल्या प्रकारात, करून टाका, किंवा सरळ इंग्रजी अक्षरं-आकड्यांचं नाव द्या आणि मराठी शीर्षक डेटाबेसमध्ये ठेवा. मी दुसरंच करतो.

छोटी फाइल तयार झाली पण ब्राउझरला ४०३

एमके-टेम्प कमांडने केलेली तात्पुरती फाइल ६०० परवानगीची असते, म्हणजे फक्त मालकाला वाचता येते, तीच सरकवून जागेवर ठेवली की एन्जिनएक्सला वाचता येत नाही. सरकवायच्या आधी ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी, करा. आणि तात्पुरती फाइल त्याच डिस्कवर ठेवा, तरच सरकवणं एका झटक्यात होतं, नाहीतर ती कॉपी होते आणि तेवढ्यात पान उघडणाऱ्याला अर्धा फोटो दिसतो.

एकदम दोनशे फोटो आले की साइट हळू होते

प्रत्येक फोटोला वेगळी प्रोसेस सोडत असाल तर होणारच. १२ मेगापिक्सेलची ४ एमबीची जेपेग मेमरीत उघडली की दर पिक्सेलला ३ बाइट धरले तरी ३६ एमबी, टूलप्रमाणे त्याच्या कितीतरी पट. एकावेळी एक किंवा दोनच घ्या, नाइस आणि आयओनाइस लावून मागच्या बाकावर बसवा. रांग लांबली तर लांबू दे.

वेबपी की एव्हीआयएफ?

वेबपी आता सगळीकडे चालतं, सफारीने २०२० मध्ये १४ व्या आवृत्तीत घेतलं तेव्हाच अडचण संपली. एव्हीआयएफ अजून लहान होतं, क्रोम ८५, फायरफॉक्स ९३ आणि सफारी १६ पासून चालतं, पण बनवायला सीपीयू भरपूर खातं, दोन कोअरच्या स्वस्त सर्व्हरवर जरा जपून. जेपेग ठेवून शेजारी वेबपी बनवा, ब्राउझर अ‍ॅक्सेप्ट हेडरमध्ये काय मागतो ते बघून एन्जिनएक्सला निवडू द्या, आणि व्हेरी हेडर विसरू नका, नाहीतर मधला कॅश एकाचं चित्र दुसऱ्याला देतो. वेबपीची कमाल बाजू १६३८३ पिक्सेल, लांबलचक स्क्रीनशॉट तिथे अडतात.

वर्डप्रेस असेल तर?

ते स्वतःच बरंच करतं. ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान होतो आणि जेपेगची क्वालिटी मुळातच ८२ असते. वर्डप्रेस थंबनेल बनवत असताना तुमची स्क्रिप्ट त्याच फाइलशी खेळू नये एवढं बघा, दोन-चार मिनिटं थांबून काम करणारी क्रॉनची पद्धत इथे जास्त सुखाची.

हे रूटने चालवलं तर चालेल का? परवानगीची कटकट राहणार नाही

अजिबात नको. बाहेरच्या माणसाने दिलेली फाइल उघडणारा प्रोग्राम म्हणजे दरवाजाच आहे. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये सापडलेल्या इमेजट्रॅजिक नावाच्या त्रुटीत नुसती बनावट चित्रफाइल दिली की सर्व्हरवर कमांड चालवता येत होती, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपीतल्या त्रुटीमुळे ब्राउझरपासून सगळ्यांना घाईने अपडेट काढावे लागले. वेगळा युजर करा, त्याला मूळ फोल्डर फक्त वाचायला आणि दुसरं लिहायला द्या, इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये लागणारे फॉरमॅट सोडून बाकी बंद करा, मेमरी आणि पिक्सेलवर मर्यादा घाला. काही केबींची पीएनजी उघडल्यावर काही जीबी होऊ शकते. आणि एसव्हीजीमध्ये जावास्क्रिप्ट बसू शकते, अनोळखी लोकांकडून ती घेऊच नका.

एस-थ्रीवर फोटो असतील तर आयनोटिफाय कसं लावायचं?

लागत नाही. एस-थ्री ही अ‍ॅमेझॉनची क्लाउड साठवण, तिथे बकेटची (म्हणजे तिथल्या साठवणीच्या कप्प्याची) इव्हेंट नोटिफिकेशन आणि तिच्यावर चालणारी लॅम्डा ही अ‍ॅमेझॉनचीच कोड चालवणारी सोय. दोन फोल्डरच्या जागी दोन बकेट, कारण त्याच बकेटमध्ये परत लिहिलं की तोच लूप, फक्त इथे त्याचं बिल येतं.

नीट चालतंय हे कसं कळणार?

लॉगमध्ये प्रत्येक फाइलची एक ओळ लिहा: नाव, आधीचे बाइट, नंतरचे बाइट, किती वेळ लागला. आधीच नीट दाबलेली फाइल ऑप्टिमाइझ करून मोठी होते असंही घडतं, तेव्हा दोन्ही आकडे बघून स्क्रिप्टनेच मूळ फाइल कॉपी करून ठेवावी. आणि रात्रीच्या फेरीला रोज किती फाइल सापडतात तो आकडा बघत जा. शून्य किंवा एक-दोन म्हणजे आयनोटिफाय जागा आहे. अचानक तीनशे सापडल्या तर सर्व्हिस कधीतरी मेलेली आहे, जर्नल, म्हणजे सिस्टीमडीचा लॉग, उघडा.